केंगाई जुनिपर : शेपूट वाळायलंय, डोकं फुगायलंय. कापू काय ठेवू?

गेज_बावीस (अनगोळ, बेळगाव)
१३ नोव्हेंबर २०२२

नमस्कार मंडळी. उद्यमबागेत माझं मोटर वायंडिंगचं दुकान आहे. झाडाबिडातलं मला काही कळत नाही, खरं हे एक झाड गळ्यात पडलंय आणि आता सोडवत नाही.

आमच्या गल्लीत एक सुभेदारकाका होते, मराठा सेंटरमधनं निवृत्त. २००६ च्या ऑगस्टात बेंगळूरला लालबागच्या फ्लॉवर शोला गेलेले, तिथनं बोटाएवढं जुनिपर (थंड हवेतलं सदाहरित झाड) घेऊन आले. पंधरा वर्षं कुंडीत बोन्साय म्हणून वाढवलं. गेल्या वर्षी मुलानं त्यांना पुण्याला नेलं. तिथं फ्लॅटची बाल्कनी म्हणजे ताटाएवढी, म्हणून जाताना झाड माझ्या हातात दिलं. "तुझ्याकडं तार असते," एवढंच कारण सांगितलं.

झाडाचा हिशेब असा. बुडात खोड ४५ मिमी (व्हर्नियर लावून मोजलंय, हसू नका). कुंडी उभी, चौकोनी, २२ सेंमी उंच. खोड मातीतनं वीतभर वर येतं न येतं तोवर वळतं आणि काठावरनं खाली उतरतं. शेपूट काठापासून ६० सेंमी खाली, म्हणजे कुंडीच्या तळाच्याही बरंच खाली. काका याला केंगाई म्हणायचे, कड्यावरनं लोंबणारं झाड. शेंडा काठाच्या खाली खरं तळाच्या वरच थांबला तर ती हान-केंगाई, म्हणजे अर्धी. ही विद्या त्यांचीच.

आता दुखणं. वळणावर वरच्या अंगाला जी फांद्यांची टोपी आहे ती कोबीच्या गड्ड्यासारखी भरलीय. आणि शेपटीचा खालचा निम्मा भाग विरळ, फिकट. मधली एक फांदी तर ऑगस्टात तांबूस होऊन गेलीच.

माझ्या हातनं काय झालंय ते लपवत नाही. मे महिन्यात एका रविवारी बसलो आणि कात्री चालवली. जास्त करून शेपटीवरचंच कापलं, कारण ते हाताला येत होतं. मृग निघाला तशी कुंडी उपसली. आमच्या घरात काय लावायचं ते मृगात. मुळं निम्मी छाटली. तांबडी माती दोन भाग, शेणखत एक भाग, असं भरलं. त्याच दिवशी वळण द्यायला तारही गुंडाळली. सकाळी आलेली मोटर संध्याकाळी फिरवून द्यायची, अशी हाताला सवय. तार म्हणजे अर्थिंगची ८ गेज (साधारण ४ मिमी जाड) तांब्याची, नवी कोरी. वाकवताना हात भरून आले. आता ती सालीत रुतलीय, निम्मी दिसत नाही.

पानंही दोन तऱ्हेची यायलीत. काकांच्या वेळची मऊ, गुंफलेल्या दोरीसारखी. नवीन येतात ती टोचतात, सुया नुसत्या. झाडाची जात बदलली काय?

तर सांगा : शेपूट कापून अर्धी केंगाई करून टाकू काय? रुतलेली तार कशी काढू? आणि जळक्या मोटरीतली तार दुकानात पोत्यानं पडलीय, ती चालेल काय?

---

निपाणीकर
१३ नोव्हेंबर २०२२

रामराम. माझं मत स्पष्ट आहे : कापा. जो भाग फुकटचं पाणी पितोय आणि काही देत नाही तो कशाला सांभाळायचा? अर्ध्या केंगाईत कमीपणा काय आहे? माझ्याकडं दोन आहेत, वाऱ्याला पडत नाहीत, उचलायला सोप्या.

आणि ते शेणखत आधी काढा. तंबाखूच्या तरवाला आम्ही एवढं घालत नाही. या झाडाला घट्ट ओली माती म्हणजे फास. माझी दोन्ही विटांच्या चुऱ्यात आहेत.

---

अक्का_खानापूर
१४ नोव्हेंबर २०२२

कापू नका. निपाणीकर, तुमचं शेणखताचं म्हणणं सोळा आणे खरं, पण शेपटीचं नाही. आधी मेलंय की जगलंय ते तरी बघू द्या.

शेपटीवर दर चार बोटांवर नखानं साल थोडीशी खरवडा. आत ओलं हिरवट दिसलं तर जीव आहे. तपकिरी, कोरडं असेल तर तिथून पुढं संपलं. जुनिपर मेल्याची बातमी फार उशिरा देतं. फुलदाणीतल्या फांदीसारखं, मुळाचा आधार तुटल्यावरही कित्येक आठवडे हिरवं राहतं. तुमची फांदी ऑगस्टात तांबूस *दिसली*, ती मृगातच गेली असणार. मी पहिली तीन झाडं अशीच घालवली. रोज पाणी घालत होते, हिरवी आहेत म्हणून खूश होते, आणि ती कधीच गेलेली.

एकच फांदी का गेली तेही सांगते. जुनिपरच्या खोडात रस सरळ पट्ट्यापट्ट्यांनी चढतो. या बाजूचं मूळ या बाजूच्या फांदीला, असा साधारण व्यवहार. तुम्ही मुळं निम्मी छाटलीत त्यात नेमकं त्या फांदीचं रेशन कापलं गेलं. जुन्या झाडांच्या खोडावर एका अंगाला जिवंत सालीची शीर आणि बाकीचं पांढरं लाकूड दिसतं ना, ते याच कारणानं.

जात बदललेली नाही. सुया हे लहानपणीचं पान. ज्याला मोठेपणी मऊ खवल्याचं पान येतं असं जुनिपर जास्त छाटलं, घाबरलं की परत सुया काढतं. दोन-तीन वर्षं शांत राहू दिलं की मऊ पान परत येईल. त्या सुया तोडत बसू नका.

आणि मुख्य गोष्ट : या झाडाची ताकद पानात असते. वड-उंबरासारखं हे नाही. वडाचा ठोंब छाटा, पुन्हा फुटेल. जुनिपरची फांदी पुरती बोडकी केली की ती परत हिरवी होत नाही. तुम्ही शेपटीवरचं पान कापून तिच्या ताटातलंच काढलंत, आणि टोपीला हात लावला नाहीत. झाडाची ओढ मुळातच वरच्या दिशेला. खाली लोंबणाऱ्या शेंड्याला ते सावत्र वागवतं. त्यात तुम्ही भर घातलीत.

आता मला दोन गोष्टी सांगा. कुंडी कुठं ठेवता आणि शेपूट कोणत्या दिशेला लोंबतं?

तार उलटी फिरवून सोडवू नका, साल सोलून निघेल. तुमच्याकडं कटर असणारच. प्रत्येक वेढ्याला एक तुकडा, असं कापत या. जिथं पार आत गेलीय तो तुकडा तसाच राहू दे, साल त्याला गिळेल.

---

गेज_बावीस
२० नोव्हेंबर २०२२

अक्का, सांगितल्याप्रमाणे केलं. तार एक्केचाळीस तुकड्यांत निघाली, तीन तुकडे आत राहिले. खोडावर स्क्रूसारखे आटे पडलेत. बघून कसंतरी होतं.

खरवडून बघितलं. काठापासून ४२ सेंमीपर्यंत हिरवं आहे. त्याच्या खाली १८ सेंमी आहे, त्यात एका बाजूला हिरवी रेघ, दुसरी बाजू कोरडी. म्हणजे एक फेज गेलीय, मोटर घुंघुं करायलीय खरं फिरेना.

कुंडी स्लॅबच्या कठड्यावर असते, शेपूट उत्तरेला, रस्त्याच्या बाजूला. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावं म्हणून. खोटं कशाला बोलू.

आणखी एक बघितलं. काठापासून २० सेंमीवर, पहिल्या वळणाच्या बाहेरच्या अंगाला पेन्सिलीएवढी एक फांदी आहे, ७ मिमी. ती आडवी वाढायलीय आणि तब्येतीनं शेपटीपेक्षा बरी आहे.

---

खाडीकाठचा (कारवार)
२० नोव्हेंबर २०२२

मधेच तोंड घालतो. आमच्या समुद्रकाठच्या दमट हवेत जुनिपर टिकवायचा नाद मी सोडला. दोन पावसाळ्यांत दोन गेली. मी केंगाई सुरूची करतो. सुई बारीक, वाकायला ऐकते आणि आमच्या वाळूत तिचं घरच. बेळगावच्या हवेत जुनिपर चालतंय हेच मला कौतुकाचं. तुमच्याकडं उंची आहे, हिवाळ्याच्या रात्री गार असतात. आम्हाला चादरसुद्धा लागत नाही.

---

अक्का_खानापूर
२१ नोव्हेंबर २०२२

वाटलंच होतं. दादा, आपल्याकडं ऑक्टोबर ते फेब्रुवारी ऊन दक्षिणेकडून येतं. कठड्याच्या उत्तरेला लोंबणाऱ्या शेपटीला थंडीभर सूर्य दिसत नाही. मे ते ऑगस्ट सूर्य जरा उत्तरेला येतो, पण तोवर जूनपासून ढग. म्हणजे तुमच्या शेपटीला वर्षातून धड एक महिना ऊन. रस्त्यावरच्या लोकांना काय दाखवायचं ते पुढच्या दहा वर्षांनी दाखवा. आता कुंडी फिरवा, शेपूट दक्षिणेला.

आणि कुंडीच्या एका अंगाखाली लाकडाची पाचर घाला, शेपटीच्या बाजूनं. कुंडी मागं कलेल आणि शेपूट उचललं जाऊन जवळजवळ आडवं होईल. आडव्या शेंड्याला झाड खालच्यापेक्षा बरं वागवतं, आणि ऊनही सगळीकडं पोचतं. पावसाळ्यात याच पाचरीचा दुसरा उपयोग : कललेल्या कुंडीत पाणी कमी थांबतं. केंगाई बघण्यापुरती सरळ ठेवायची असते, वाढवायची तिरकीच.

ती पेन्सिलीएवढी फांदी म्हणजे तुमची उद्याची शेपटी. तिला आत्ता तार नको, कात्री नको, नुसती पळू दे. जुनं शेपूट खाली लोंबू दे. त्यातली हिरवी रेघ जगेल तेवढी जगेल. नवी दणकट झाली की जुन्याचं खालचं टोक सोलून त्याचं वाळकं लाकूड करायचं. जपानी लोक त्याला जिन म्हणतात. खोडावर पट्टा सोलला तर शारी. कड्यावरचं झाड म्हटल्यावर एखादं मोडकं टोक हवंच. राजहंसगडाच्या तटातून बाहेर आलेली उंबरं बघा, एकाचंही शेपूट धड नाही. पाण्याच्या नळासारखी सरळ खाली उतरणारी केंगाई मला तर बघवत नाही.

क्रम मात्र चुकवू नका. या थंडीत फक्त टोपी विरळ करायची. एकूण हिरवळीचा तिसरा हिस्सा ही शेवटची हद्द, मी असते तर चौथ्यावर थांबले असते. नखानं शेंडे खुडत बसायचं नाही. लांब पळालेला कोंब धरायचा आणि आत बेचक्यात कात्रीनं काढायचा. फांदीच्या पोटाखाली लोंबणारं, बगलेतलं, ज्याला ऊन लागत नाही ते काढा. हात थांबला पाहिजे तिथं थांबवा.

महाशिवरात्रीच्या आसपास माती. तीही निम्मीच! कुंडीतून गोळा काढून एका बाजूची माती काडीनं सोडवायची, दुसऱ्या बाजूला हात लावायचा नाही. ती दोन वर्षांनी. शेपटीकडची बाजू आत्ता सोडा, ती मृगात पुरेशी दुखावलीय.

मिश्रणाला आमच्याकडं सोन्यासारखी वस्तू फुकट आहे. खानापूर भागात जुनी कौलारू घरं उतरवून स्लॅब टाकणं चाललंय, मंगळुरी कौलं ढिगानं पडलेली असतात. ती फोडायची. ज्वारीच्या चाळणीतून खाली पडेल आणि रव्याच्या चाळणीवर राहील तेवढंच घ्यायचं. धूळ धुऊन टाकायची, ती राहिली तर सगळी मेहनत वाया. तीन भाग कौल, एक भाग चांगलं कुजलेलं पानखत. कुंडीच्या तळाशी मोठे विटेचे तुकडे घालायची पद्धत आहे, पण त्यानं निचरा वाढत नाही, मुळांची जागा मात्र जाते. भोकावर जाळी पुरे.

---

निपाणीकर
२१ नोव्हेंबर २०२२

तळातल्या विटांबद्दल मी मान्य करणार नाही. आमच्या आज्जीपासून घालत आलोय. बाकी ठीक.

---

अक्का_खानापूर
२१ नोव्हेंबर २०२२

आज्जीपुढं माझं काही चालायचं नाही. घाला.

---

गेज_बावीस
९ एप्रिल २०२३

अक्का, माती निम्मी बदलली, शिवरात्रीनंतरच्या रविवारी. कौलं येळ्ळूरच्या एका ओळखीच्या माणसाकडनं आणली. फोडून, चाळून, धुऊन होईतो दोन रविवार गेले. घरात म्हणायलेत, दुकानातली माणसं पगार मागायलीत आणि हा कौलं धुवायलाय.

आता नवी भानगड. आठ दिवस झाले, पान मळकट करडं दिसायलंय. मला वाटलं उद्यमबागेची धूळ. आमच्याकडं फौंड्रीची काळी धूळ सगळीकडं बसते. फडक्यानं पुसलं, तरी तसंच.

---

अक्का_खानापूर
९ एप्रिल २०२३

पांढऱ्या कागदावर फांदी झटका. पडलेले ठिपके चालायला लागले तर धूळ नव्हे. बोटानं पुसून तांबडी रेघ उठली की लाल कोळी.

---

गेज_बावीस
९ एप्रिल २०२३

बिलबुकाचं मागचं पान धरलं. चालायलेत. आई गं.

---

निपाणीकर
१० एप्रिल २०२३

हा माझा प्रांत. अथणीकडं माझ्या मेव्हण्याची द्राक्षं आहेत, तिथं भुरी-कोळीला गंधक मारतात. पाण्यात मिसळणारं गंधक मिळतं, खरं सध्याच्या उन्हात मारू नका, पान करपतं. तेलकट औषधासोबत तर नकोच. आधी चार दिवस रोज सकाळी पाईपच्या जोरदार फवाऱ्यानं पानं खालनं-वरनं धुवा. कोळ्याला कोरडं आवडतं, आंघोळ आवडत नाही. मातीवर प्लास्टिक बांधा म्हणजे कुंडी भिजून राहणार नाही. निम्मे तर नुसत्या पाण्यानं जातील. नंतर संध्याकाळी गार झाल्यावर निंबोळी अर्क, आठवड्यानं परत. अंडी राहिलेली असतात, म्हणून परत.

---

गेज_बावीस
१९ जानेवारी २०२५

मंडळी, लई दिवसांनी आलोय. धागा शोधताना मीच दोन वर्षांपूर्वी काय लिहिलंय ते वाचलं आणि घरात कुणाला दाखवलं नाही.

कोळी त्या वेळी पाण्यानंच गेले. गंधक आणलंच नाही. निपाणीकरांना एक कुंदा लागू.

२०२३ चा मे मात्र वाईट गेला. वळवाच्या वाऱ्यात कुंडी कठड्यावरनं आतल्या बाजूला पडली. शेपूट आडवं म्हणजे वारा धरायला शीडच. कुंडीचा एक कोपरा उडाला, झाडाचं फार नुकसान नाही. त्यावर उपाय मी माझ्या पद्धतीनं केला. दुकानात १० एचपीच्या मोटरीची जळकी बॉडी पडून होती, बीडाची. ती उभी केली, वर सागवानी फळी बोल्टनं बसवली, फळीवर पाचर आणि पाचरीवर कुंडी, तारेनं आवळून. फळी नसती तर बीड उन्हात तापून मुळं शिजली असती. आता वादळ आलं तर घर हलेल, हे हलणार नाही. पावसाळ्यात वर तिरका पारदर्शक पत्रा. जुलैची झिमझिम पंधरा-पंधरा दिवस थांबत नव्हती तेव्हा तो कामाला आला.

त्यानंतरचं २०२३ आणि २०२४ चं बरंच वर्ष, थंडीत टोपी थोडी विरळ करणं सोडलं तर, मी झाडाला काहीही केलं नाही. पाणी, ऊन, एवढंच. माझ्यासारख्याला हे तार ओढण्यापेक्षा अवघड गेलं. संध्याकाळी दुकान बंद करून वर जायचं, बघायचं, खिशातली कात्री खिशातच ठेवायची.

ती पेन्सिलीएवढी फांदी आता १२ मिमी आहे. गेल्या डिसेंबरात तिला तार घातली. तारेबद्दल थोडं लिहितो, कारण इथं मला चार शब्द कळतात.

तार फांदीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढी जाड हवी असं अक्का म्हणाल्या होत्या. १२ मिमीला ४ मिमी, म्हणजे ८ गेजच (४.०६ मिमी). म्हणजे पहिल्या वेळी माझा गेज चुकला नव्हता, तार कच्ची, म्हणजे तापवून मऊ केलेली, नव्हती ती चूक. बाजारातली अर्थिंगची तार कडक असते. ती शेणीच्या विस्तवात पुरायची, अंधारात मंद लाल दिसेपर्यंत. मग तशीच गार करायची किंवा पाण्यात टाकायची, तांब्याला फरक पडत नाही. अशी तार लोण्यासारखी वळते, आणि एकदा वळली की तिथंच कडक होते. म्हणून सरळ-वाकडी करत खेळत बसायचं नाही, एकाच हातात बसवायची. बारीक फांद्यांना जळक्या मोटरीतली १८ ते २२ गेज तार झकास. वायंडिंग जाळून काढताना ती आपोआप मऊ झालेली असते. फुकटात.

सालीला जपायला काका राफिया (ताडाच्या पानाचा धागा) वापरायचे. माझ्याकडं कॉइलवर बांधायची पांढरी सुती पट्टी रीळनं आहे. ती ओली करून फांदीवर घट्ट गुंडाळली, वर तार पंचेचाळीस अंशात. वळणाच्या बाहेरच्या अंगावर तारेचा वेढा येईल असं बघितलं, म्हणजे साल तिथं फाटत नाही. शेवटचं वळण तारेनं येईना, तिथं खालनं ताण दिला : एक तार फांदीला, दुसरं टोक कुंडीच्या पट्ट्याला, आणि मधे काडी घालून दर चार दिवसांनी अर्धा पीळ. ताणाची तार फांदीत रुतू नये म्हणून तिथं मोटरीतली स्लीव्ह (तारेवर चढवायची मऊ नळी) घातलीय. वायंडिंगवाल्यांनो, आपल्या दुकानात बोन्सायचं निम्मं सामान पडलेलं असतं, बघा जरा.

तिला सरळ खाली नाही उतरवलं. आधी थोडी बाहेर, मग खाली, मग पुढं माझ्याकडं, आणि शेंडा वर उचललेला, गोकाकच्या कड्यावरच्या झुडपांसारखा. शेंडा वर ठेवला म्हणजे झाड त्याला विसरत नाही, हे अक्कांचंच.

जुन्या शेपटीचं खालचं १८ सेंमी सोललं. कात्रीनं सपाट न कापता पक्कडीनं टोक चिरडून धागे खाली ओढले, म्हणजे मोडल्यासारखं दिसतं. मग लाइम सल्फर (चुना-गंधकाचं पाणी) लावलं. कुजक्या अंड्याचा वास, शेजारचे खाली येऊन विचारून गेले. लावताना पिवळं, उन्हात दोन दिवसांनी पांढरं. मातीवर पडू नये म्हणून फडकं गुंडाळलं होतं. ती हिरवी रेघ जिथपर्यंत जिवंत होती तिथपर्यंत साल ठेवलीय. पांढऱ्या लाकडावर एकच शीर चढताना दिसते. ही माझी चूक होती असं न सांगता आता दाखवता येतं.

टोपी निम्म्यावर आलीय, तीन थंड्यांत मिळून. वरचं पान परत मऊ यायलंय, खालच्या दोन फांद्यांवर अजून सुया आहेत. तारेचे जुने आटे खोडावर तसेच आहेत, भरून आलेत खरं दिसतात. पहिल्या वळणाच्या खाली एक वीतभर जागा बोडकी आहे, तिथं काही फुटेल असं वाटत नाही.

पुण्याला व्हिडिओ कॉल लावून काकांना दाखवलं. बराच वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "शेपूट माझं नव्हे हे." म्हटलं, नाही काका, तुमचं ते पांढरं.

आता दुसऱ्या बाजूची माती येत्या शिवरात्रीला काढू काय? डिसेंबरात तार, जिन आणि लगेच माती, असं होईल म्हणून विचारायलोय.

---

अक्का_खानापूर
२० जानेवारी २०२५

फोटो तीनदा बघितला. बोडक्या जागेची काळजी नको. वरच्या फांदीचा एक झुपका पुढं ओढून तिच्यावर सावलीसारखा धर, झाकली जाईल. पूर्ण झाकू नकोस. कड्याला दगड दिसावा लागतो.

माती यंदा नको. वाकवलेली फांदी आतून तडकलेली असते, तिला सांधायला मुळं जागेवर लागतात. पुढच्या शिवरात्रीला. तार एप्रिलपासून दर पंधरवड्याला तपासायची, पावसाळ्यात तर नक्की. जिथं रुतायला लागेल तिथं तेवढीच काप. परत एक्केचाळीस तुकडे मोजायची पाळी आणू नकोस.

तुला अरेतुरे केलेलं चालतं ना? दोन वर्षं झाली आता.

---

निपाणीकर
२० जानेवारी २०२५

कुंदा बेळगावातलाच हवा, निपाणीत आणून देणे. आणि मी कापा म्हणालो होतो हे कुणी लक्षात ठेवू नये.

---

गेज_बावीस
२० जानेवारी २०२५

चालतं की अक्का, बरं वाटलं. एकच शेवटचं. ती पाचर कधी काढायची?

---

अक्का_खानापूर
२१ जानेवारी २०२५

प्रदर्शनाला नेशील त्या दिवशी काढ. संध्याकाळी घरी आणलंस की परत लाव.